ताडपत्रीखाली झाकलेलं ऊन

मी काचेवरचा पांढरा लेप बोलतोय. जातीने टायटॅनियमची भुकटी. ऊन खायचं आणि पाण्यातला रंग फोडून टाकायचा, एवढा एकच धंदा मला येतो. ऊन नसेल तर मी आणि भिंतीवरचा चुना सारखेच निकामी.

मेक्सिकोतल्या तेवाकानजवळ, जीन्स धुण्याच्या कारखान्यामागे, त्याचं निळं सांडपाणी अंगावरून वाहावं म्हणून माझ्या काचा उतरत्या मांडल्या. इंजिनियर ऊन-ऊन म्हणून घसा कोरडा करत होता, तेव्हा मालक डॉन ओनेसिमो फोटोसाठी मिशा विंचरत होता.

या रंगाऱ्यांचा धर्म एकच. रंगाच्या मालाला ऊन दाखवायचं नाही, नाहीतर कापडावर पट्टे पडतात. म्हणून इंजिनियरची गाडी वळते न वळते तोच मालक म्हणाला, "महागाची वस्तू आहे. विटेल. झाका."

झाकली. जाड, काळ्या ताडपत्रीने. अंगावरून निळं पाणी जसं आलं तसं खाली गेलं, थेट शेजारच्या शेतकरीण डोन्या एल्पिदियाच्या मक्यात. पाट निळा, मका पिवळा. तो मका गेला तर वर्षभर तिच्या चुलीवर विकतचं पीठ.

ती तणतणत आली. तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता ओनेसिमोच; त्या नात्याने तो तिचा कोंपाद्रे, ती त्याची कोमाद्रे, त्यामुळे बोलण्यात भीडभाड नाही.

"कोंपाद्रे, पाणी निळंच येतंय."

"कसं येईल, कोमाद्रे? यंत्राला जिवापाड जपतोय."

"जपा, नाहीतर मेणबत्ती लावा त्याच्यापुढं. माझा मका मरतोय."

"निळा मका महाग विकतो की."

ती हसली नाही. "मग भरपाई म्हणून ही ताडपत्री नेते. टर्कीच्या पिलांना सावली होईल." ओढली आणि गेली.

मग काय. असा जेवलो उन्हावर, की आठवडाभरात पाणी नितळ झालं, मक्याने मान वर केली. बाईला वाटलं, मालक वरमला. मालकाला वाटलं, आपण जपलं म्हणून यंत्र चाललं. त्याने गावाला सणासुदीचा मिरच्यांचा घट्ट रस्सा, मोले, जेवू घातला, आणि कृतज्ञतेपोटी माझ्यावर नवी ताडपत्री घातली. दुहेरी. साखळी लावून.

आता कणसं भरायची वेळ आणि पाट पुन्हा निळा.

एल्पिदिया, बाई, विळा घेऊन ये. लोक चोर म्हणतील, म्हणू देत. जपणाऱ्यांच्या भरवशावर कुणाचं कणीस भरलेलं मी अजून ऐकलेलं नाही.