पेशंटचे दहा मार्क

मला ऑफिसात पाठीमागे ‘चाळणी’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाचे तीनशे अर्ज आले की दोन दिवसांत त्यांचे साठ करून देणारा हेडक्लार्क मी. मार्क कमी, बाजूला. मध्ये काही वर्षं रिकामी, बाजूला. बावीस वर्षं हाच खाक्या.

मग नव्या विभागप्रमुख मॅडम आल्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, बाजूला ठेवलेलेही द्या.” घ्या! दोनशे चाळीस फायली बाई वाचत बसल्या. ज्याच्या फायलीत खंड दिसेल त्याला स्वतः फोन करून एकच विचारायच्या, “मधली वर्षं काय करत होता?” मी मनात म्हटलं, हौसेला मोल नसतं.

अशाच एका फोनवर एक मुलगी सापडली. पदवीनंतर सहा वर्षं कोरी, आणि अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’. सहा वर्षं ती अर्धांगवायू झालेल्या वडिलांचं सगळं करत होती. घरच्या माणसाचं केलं तो अनुभव कसा, म्हणून तिनं लिहिलंच नव्हतं. पदवीला सात वर्षं झाली की आमच्याकडे अर्ज चालत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मुलाखतीची तऱ्हाही मॅडमनी बदलली. एक पलंग, एक खुर्ची. उमेदवारानं पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवायचं, आणि समितीबरोबर पेशंटनंही दहापैकी मार्क द्यायचे. ऐन वेळी ठरलेला पेशंट आलाच नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या ब्याण्णव किलोंकडे वळल्या.

“उजवी बाजू लुळी पडलीय असं समजा,” मॅडम म्हणाल्या. मी मुकाट्यानं आडवा झालो.

पहिला आला सुवर्णपदकवाला. पुस्तकात आहे तसंच सगळं केलं त्यानं, पण बोलत होता समितीशी, माझ्या अंगावरून. दुसरीनं बगलेत हात घालून असं ओढलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय.

ती शेवटी आली. आधी हात चोळून गरम केले. मग मला दिसेल अशी समोर येऊन वाकली. “काका, आधी कुशीवर वळू या. घाई नाही. पडू देणार नाही तुम्हाला.” माझ्या गुडघ्याला गुडघा लावून तिनं तीन आकडे मोजले, आणि मी खुर्चीत होतो. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. मग तिनं माझा लोंबणारा उजवा हात हळूच उचलून मांडीवर ठेवला. तो लोंबतोय हे मी स्वतःसुद्धा विसरलो होतो.

समितीतले ज्येष्ठ डॉक्टर माणूस चांगला, पण कागदाशिवाय पाणी न पिणारा. “सहा वर्षांचं प्रमाणपत्र कुठंय?”

“नाही सर,” ती म्हणाली. “बाबा मार्चमध्ये गेले. शेवटपर्यंत पाठीवर एक जखम नव्हती.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “सहा वर्षं अंथरुणावर आणि एक जखम नाही? हे आमच्या वॉर्डात जमत नाही.” त्यांनी तिच्या निवडीच्या कागदावर सही केली. मी दहापैकी दहा दिले. बावीस वर्षं मी फक्त दुसऱ्यांनी दिलेले मार्क बघत आलो होतो.

संध्याकाळी राहवलं नाही. मॅडमना सांगितलं, “तिची फाइल मीच बाजूला टाकली होती.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नियम पाळत होता. आता नियमच बदलू. मसुदा तुम्ही करा, तुमच्याइतकी ती चाळणी कुणाला ठाऊक नाही.” एक शब्द रागाचा नाही. अशी बाई मी नोकरीत पाहिली नव्हती.

आधीच्या बावीस वर्षांत अशा किती जणी गेल्या, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. त्यातली एकही फाइल मी पहिल्या पानापुढे वाचलेली नव्हती.