एका बाटलीचं मायलेज

गाडी लांब डिक्कीची, पेट्रोलवरची, एमएच सव्वीस, म्हंजे नांदेडची. मागचं सीट पाडलं की आख्खा माणूस पाय पसरून झोपतो. चौदाशेचं इंजिन, जुना कार्बोरेटर. कंपनीच्या पुस्तकात मायलेज सोळा. मी गिऱ्हाइकाला अठरा सांगतो आन् बाटली लावून अठरा काढून बी दावतो. लातुरात जुन्या गाड्यांचा दलाल म्हणून माझं, चन्नबसप्पाचं, नाव हाय ते ह्याच्यावरच.

बाटली म्हंजे कसं, टाकीचा पाईप काढायचा, लिटरभर पेट्रोलची बाटली बॉनेटखाली टांगायची आन् तिच्यावर गाडी सोडायची. जिथं बंद पडंल तितकं मायलेज. त्यात हात मारायच्या माझ्या लई खोड्या हायेत. सगळ्या काय सांगत न्हाई, धंदा हाय.

परवा देवणीकडचे दोघं भाऊ आले. थोरला व्यंकट. त्याच्या किडन्या गेलेल्या, हप्त्यातून दोनदा लातूरला डायलिसिस. धाकटा भागवत, शेती बघतो. मागल्या खेपेला घरी जाताना व्यंकट यष्टीत कोसळला, म्हणून भागवतला ही गाडी पाहिजे होती. झोपवून आणायचं, झोपवून न्यायचं. त्यासाठी बैलजोडी विकायला काढलेली.

व्यंकटनं मागं आडवं होऊन बघितलं. "अप्पा, मापाची हाय की ओ! तिरडीचा खर्च वाचला."

"दादा, गप पड," भागवत म्हणला, आन् बाटली घेऊन स्वतःच पंपावर गेला. माझ्यावर भरवसा न्हाई.

तो गेला तसा व्यंकट म्हणला, "तुमी मायलेज वाढवून दावता म्हणं?"

"कोण मेला म्हणतो?"

"आख्खं लातूर. मंग कमी करून बी दावता यील की."

मी हसलो. "इकायला बसलेला माणूस कमी दावील का रं येड्या?"

"दावा. बैलं गेल्यावर ह्यो वावरात काय करंल? दहा निघालं तर घेणार न्हाई. मंग त्यो सुटला आन् मी बी सुटलो. लई थकलोय अप्पा."

"आन् डायलिसिस?"

तो टपाकडं बघून राहिला. "तुमाला खोड्यांचा नाद हाय म्हणून सांगून राहिलो. दुसरा असता तर रडत बसला असता."

मला रडता येत न्हाई. भागवतनं भरून आणलेली बाटली टांगली, त्याला शेजारी बसवला, मी स्टेअरिंगवर बसलो, आन् गाडी निघाली तसा चोक ओढून ठेवला. चोक ओढला की इंजिन पेट्रोल गटागटा पितं. वरून तिसऱ्याच गिअरात रेटली. नांदेड रोडला मागनं नुसता काळा धूर. भागवतला धुराचं कळंना. हात मांडीखाली दाबून तो मीटर बघत बसलेला.

दहा किलोमीटर झाले न झाले तोच गाडीनं आचके दिले आन् बंद पडली.

आरशात बघितलं तर व्यंकट कोपरावर उठून बसलेला, नजर भावाच्या मानंवर. तवा मला कळलं. दहा तर दहा, घेतो, असं धाकट्यानं म्हणावं म्हणून ह्यो वाट बघून राहिला.

भागवतनं मोठा श्वास सोडला. मांडीखालचे हात बाहेर काढले.

"न्हाई परवडत, अप्पा. दहाला कसं परवडंल? न्हाईच की ओ." मंग मागं न बघताच, "व्हय ना दादा?"

"व्हय की," व्यंकट म्हणला.

माझ्या तोंडापर्यंत आलं, चोक ओढलाय म्हणून. आरशात व्यंकटनं नको म्हणून मान हलवली, आन् पुन्हा आडवा झाला.

पाईप टाकीला जोडला, गाडी वळवली. येताना भागवत बोलत सुटला. सोयाबीन, पाऊसपाणी, बैलाच्या एका शिंगाला आलेली खोट. सकाळपासून एवढा बोलला नव्हता. स्टँडवर व्यंकटला खांदा देऊन उतरवताना मी हळूच विचारलं, "जमली का रं खोडी?"

"लई बेस जमली," म्हणला.

देवणीची यष्टी लागलेली होती. पायरीवर त्याचा पाय उचलंना. भागवत मागनं ढकलून राहिला, "चल की दादा, जागा जाईल."