सहावी चिठ्ठी

टीं-टीं.

घरात इतकी शांतता होती की थर्मामीटरचा तो बारीकसा आवाजही दचकवून गेला. रसिकाने काख घट्ट दाबून धरली होती. डोळे मिटलेले, श्वाससुद्धा रोखलेला, जणू ती हलली तर ताप सांडेल. मी थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात धरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"किती गं आई?"

"थोडासा आहे," मी म्हटलं.

नव्हताच. पण पाच मिनिटांपूर्वीच तिच्या वर्गशिक्षिकेचा, शुभदाबाईंचा फोन येऊन गेला होता. "स्वप्नाली, अगं रसिका आज वर्गात मलूल होती. कपाळाला हात लावला तर कढत लागलं. उद्या नको पाठवूस. ताप असल्यामुळे येऊ शकत नाही, विश्रांतीची गरज आहे, एवढी चिठ्ठी लिही आणि सकाळी आठच्या आत आणून दे. बाकी काळजी करू नकोस, मी आहे."

अठ्ठावीस पोरांत माझ्या पोरीचं कपाळ ज्या बाईला कळतं, तिच्यापुढे त्या प्लास्टिकच्या कांडीचं काय ऐकायचं? सेल उतरला असेल, म्हटलं. खाली जाऊन सिरप आणलं. मेडिकलवाल्याने विचारलं, "छोटी को क्या हुआ भाभी?" मी ठासून सांगितलं, "बुखार है."

सिरप पिऊन रसिकाने तोंड वाकडं केलं. "पण आई, उद्या पाहुणे येणारेत."

पाहुणे म्हणजे तपासणीवाले. तिसरीच्या मुलांना वाचता येतं की नाही, ते बघायला बाहेरून दोन साहेब येणार होते. एकेका मुलाने उभं राहून धडा वाचायचा, साहेबांनी कागदावर खूण करायची. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

कारण रसिकाला वाचता येत नव्हतं. दुसरी संपली तरी अक्षरं तिच्यापुढे सुटीसुटी उभी राहायची, एकमेकांचा हात धरायची नाहीत. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या ट्यूशनवालीने तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला एकदा डॉक्टरला दाखवा." मी नवघर रोडवरून घरापर्यंत रडत आले होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात शुभदाबाईंनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "अगं, मूल म्हणजे काय कुकर आहे? तीन शिट्ट्या झाल्या की शिजलं? सोड माझ्यावर."

आणि खरंच, शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास त्या तिला घेऊन बसायच्या. एक रुपया घेतला नाही. मग मीही त्यांची झाले. जुन्या लग्नपत्रिका कापून वर्गासाठी शब्दांची कार्डं केली, भिंतीवरचे तक्ते रंगवले. जितेश, माझा नवरा, चिडवायचा, "पगार तिकडूनच घेत जा आता." सोसायटीत कोणी शाळेला नावं ठेवली की मी भांडायला उठायचे.

दिवाळीनंतर अक्षरांनी हात धरायला सुरुवात केली. कासवाच्या धड्यातल्या आठ ओळी रसिका रोज वाचायची. मला, जितेशला, दारात पाटी उतरवून बसलेल्या सरूबाई म्हावरेवालीला. सरूबाई बोंबील मोजता मोजता थांबायच्या, "वाच गो बाय, तुझा कासव पोचला का न्हाय?" सहा ओळी सरळ जायच्या. सातवीत जोडाक्षर आलं की ती थांबायची, ओठ हलवायची, आणि मग एकदम उडी मारून पलीकडे जायची. बाईंनीच तिला सांगितलं होतं, "साहेब आले की तू पण हात वर कर हं."

"पाहुणे परत येतील," मी तिला पांघरूण घालत म्हटलं. "आधी बरं व्हायचं."

तिने मान हलवली. माझं ऐकते ती. तेच आता टोचतं.

सकाळी जितेशला तिच्यापाशी बसवून मी चिठ्ठी घेऊन निघाले. शाळा सहा मिनिटांवर. फाटकापासून रांगोळी, वर्गांच्या दारांना झेंडूची तोरणं, आणि तिसरीच्या भिंतीवर मी रंगवलेला कासवाचा तक्ता. शिपाई बाबाजी व्हरांड्यात टेबलाशी बसले होते. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी न वाचताच चिमट्याला लावली.

"पाचवी," ते म्हणाले. "तिसरीत साथच आली म्हणायची."

"कसली साथ?"

बाबाजी जरा बावरले. पाण्याची टाकी बघायची आठवण होऊन उठून गेले. चिमटा टेबलावरच राहिला. मी वरचा कागद उचलला, मग खालचा. पाच कागद, पाच हस्ताक्षरं, मजकूर एकच. ताप असल्यामुळे येऊ शकत नाही. विश्रांतीची गरज आहे. माझं वाक्य माझं नव्हतंच.

"तू हायस का? बरं झालं माय." मागून तुळसाबाई आल्या. लोकेशच्या आजी. परभणीकडच्या, मुलाच्या नोकरीपायी भाईंदरला आलेल्या. लोकेश रसिकाच्याच बाकावर बसतो. त्यांनी कमरेची पिशवी उघडून वहीचा कोरा कागद काढला. "एवढी चिठ्ठी लिहून दे. पोराची माय ड्युटीवर गेली, मला लिहिता येत न्हाई. ताप आलाय म्हणून लिही."

"लोकेशला पण ताप आहे?"

"कुठला ताप! सकाळी दोन भाकरी हाणल्या त्यानं. गल्लीत बॅट घेऊन उभा हाय."

"मग?"

"मग काय? बाईनं काल सांगितलं. साहेब येणार, ज्याला वाचता येत न्हाई त्यानं आजच्या दिस घरी बसावं. आलेल्या पोरातूनच हिशेब काढतेत म्हणं. न वाचणारी पोरं नसली की वर्ग वर जातो." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "का गं, तुला न्हाई सांगितलं?"

मला नाही सांगितलं. मला कढत कपाळ सांगितलं. तुळसाबाईंशी सरळ बोलता आलं त्यांना. माझ्यासाठी मात्र त्यांनी वेळ काढून, आवाज मऊ करून एक ताप तयार केला, कारण मी कशाने हलते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मी काल बिनतापाच्या पोरीला औषध पाजलं.

"लिही की माय, आठ वाजतेत."

मी लिहिलं. लोकेशला ताप असल्यामुळे येऊ शकत नाही. विश्रांतीची गरज आहे. हात थांबलासुद्धा नाही. ती सहावी चिठ्ठी मी का लिहिली, हे मला अजून सांगता येत नाही. नाही म्हणायला हवं होतं. पण समोर म्हातारी बाई कागद धरून उभी होती, आणि माझ्या हाताला ते वाक्य पाठ झालं होतं.

तुळसाबाई गेल्या तेव्हाच शुभदाबाई वर्गातून बाहेर आल्या. मोरपंखी साडी, केसांत अबोली. मला बघून हसल्या. मग टेबलावरचे पसरलेले कागद बघितले आणि हसू तिथेच राहिलं.

"रसिका कशी आहे?"

"तुम्हीच सांगा बाई. ताप तुम्हालाच लागला होता ना हाताला?"

"स्वप्नाली, हळू. आत मुलं आहेत."

"बावीस आहेत. मोजली मी."

त्यांनी मला खांबाआड नेलं. "तू समजून घेशील असं वाटलं मला. ती सातव्या ओळीला अडते. साहेब घड्याळ लावून बसतात गं. सगळ्यांसमोर अडली असती तर पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता तिने. मी तिच्यासाठीच..."

"तिच्यासाठी?"

 बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझ्यासाठी पण. गेल्या वर्षी माझा वर्ग सगळ्यांत मागे राहिला. मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये सगळ्या स्टाफसमोर मला उभं केलं होतं. एकवीस वर्षं शिकवतेय मी. पुन्हा नाही उभं राहायचं मला तसं."

"म्हणून माझी पोरगी झोपवलीत?"

"एक दिवसाचा प्रश्न होता फक्त."

"मला खरं का नाही सांगितलंत? तुळसाबाईंना सांगितलंत की."

"त्या भांडल्या नसत्या," बाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "तू तिला घेऊन आली असतीस."

हे खरं होतं. म्हणूनच सहन होत नव्हतं. इतकं ओळखणारं माणूस मला दुसरं नव्हतं या गावात.

"अजूनही आण," त्या पुटपुटल्या. "साहेब नऊला येतात. मी नाही म्हणणार नाही."

मी जवळजवळ पळत घरी आले. नऊ वाजायच्या आत वेणी घालायची, युनिफॉर्म चढवायचा, आणि तिला त्या साहेबांपुढे नेऊन उभी करायची. अडली तर अडली. तिच्या कासवासकट तिला बघू देत त्यांना. जितेशची निघायची वेळ झाली होती. मी दारातच एका दमात सगळं सांगितलं. तो बूट घालता घालता थांबला. "ने तिला," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

रसिका पलंगावर बसली होती, पांघरूण गळ्यापर्यंत. बाजूला उघडं पुस्तक.

"ऊठ राणी. शाळेत जायचंय. पाहुण्यांना वाचून दाखवायचंय."

ती उठली नाही. "मला ताप आहे ना?"

"नाहीये. गेला."

"बाईंनी सांगितलंय, आराम कर."

"बाईच म्हणाल्या, आण म्हणून." हेही खोटं नव्हतं.

तिने थोडा विचार केला. मग उशीखालून थर्मामीटर काढला, माझ्याकडे दिला, आणि काख वर केली. मी पलंगाच्या कडेला बसले. हँगरवर तपासणीसाठी आधीच इस्त्री करून ठेवलेला तिचा स्कर्ट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. घड्याळात आठ वाजून पंचवीस.

टीं-टीं.

या वेळी तिने स्वतःच तो काढला. आकडे तिला येतात, आकड्यांशी तिचं कधीच भांडण नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," ती वाचून म्हणाली. "कालचं किती होतं?"

"तेवढंच."

"म्हणजे कालपण ताप नव्हता?"

मी मान हलवली. तिने पुस्तकातल्या कासवावरून बोट फिरवलं, सातव्या ओळीशी आणून थांबवलं, आणि वर बघितलं.

"मग आई, मला काय झालं होतं?"