लीलीची पानं

वक्तृत्व स्पर्धेत चहाच्या प्रकारांवर बोलून ढाल जिंकल्यापासून यशश्रीचे पाय जमिनीवर नव्हते. काश्मिरात केशर-वेलदोड्याचा कहवा, लडाखात लोणी-मिठाचा चहा, कुठे काय नि कसं पितात, हे ती बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये कुणी विचारो न विचारो ऐकवत होती. दुपारच्या चहाचा ताबाही तिने आईकडून घेऊन टाकला होता. आई दिवसभर बँकेत, बाबा कोयलीच्या तेल रिफायनरीत कामावर. घरात उरायचे रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा दिनकरराव आणि सुट्टीला साताऱ्याहून आलेली आतेबहीण मोहना.

आजोबांचा चहा म्हणजे दोघांचं काम. तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांना कसलाच वास येईनासा झाला होता. तेव्हापासून कप यशश्रीने आधी नाकाशी धरायचा, आत काय काय आहे ते सांगायचं, मग आजोबांनी बशीत ओतून डोळे मिटून प्यायचं. तुझ्या नाकाने पितो मी, असं ते म्हणत.

बुधवारी बडोद्याच्या चहाची पाळी होती. इथले गुजराती शेजारी गवती चहाला लीली चा म्हणतात, लीली म्हणजे हिरवी. यशश्रीच्या घरातही तोच शब्द रुळलेला. आधण उकळत होतं आणि ती मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. तिने मोहनाला बाल्कनीतून लीलीची पाच-सहा पानं आणायला पिटाळलं.

"लिलीची? चहात?" मोहना दारात थबकली.

"हो गं बाई, लीलीचीच. साताऱ्याला एक कुंडी पाठवते, म्हणजे तुम्हीही सुधराल."

मोहना ओशाळली. तिने पानं आणली, धुतली आणि कात्रीने बारीक कापून थेट पातेल्यात टाकली. वर आलं पडलं, साखर, दूध पडलं. मोहना चहा पीतच नव्हती आणि यशश्रीचा कप फोटोसाठी खिडकीत गार होत बसला. आजोबांनी आपला कप पुढे केला तेव्हा ती व्हिडिओला नाव देण्यात गुंतली होती. मान वर न करता तिने सांगून टाकलं, आलं आणि लीली चहाचा नुसता घमघमाट.

आजोबांनी डोळे मिटले आणि बशी तोंडाला लावली. किंचित कडू लागतो म्हणाले, पण संपवला.

अर्ध्या तासाने यशश्री वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेली. कोपऱ्यात गवती चहाचं बेट जसंच्या तसं, एकही पातं तुटलेलं नाही. शेजारी आईने आणलेली पांढऱ्या फुलांची लिली, आणि तिची पाच-सहा पानं बुडाशी सरळ कापलेली.

कुंडी आणली त्याच दिवशी आईने बजावलं होतं, हिचं पान तोंडात घालायचं नाही, बाधतं. यशश्री स्वयंपाकघरात धावली, गाळणीतला चोथा नाकाशी धरला. आल्याचा वास होता. बाकी कसलाच नव्हता.

आजोबा कुशीवर झाले होते. मळमळतंय, जेवण जड झालं असेल, म्हणाले. पंखा फुल्ल असूनही कपाळावर घाम होता. त्यांच्या बायपासला अजून वर्ष व्हायचं होतं.

चोथा केरात टाकला, पातेलं घासलं, तर कुणालाच कळणार नव्हतं. दुपारचं जेवण बाधलं, असंच सगळे म्हणाले असते. डॉक्टरही तेच धरून चालले असते. या शेवटच्या विचाराने ती आजोबांच्या उशाशी येऊन बसली. चारशे माणसांपुढे न अडखळलेला तिचा आवाज एका माणसापुढे फुटेना.

"आजोबा, चहात भलतीच पानं पडली. फुलांच्या लिलीची."

"मोहनाने टाकली?"

"मीच सांगितलं होतं तिला. आणि मी वास घेतलाच नव्हता. खोटं बोलले."

आजोबा उठायला गेले आणि भडभडून ओकले.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी घडलं. आईला फोन, मोहनाने खाली धावत जाऊन थांबवलेली रिक्षा, मांडीवर लिलीची कुंडी, खांद्यावर आजोबांचं जड डोकं. प्रत्येक गतिरोधकाला ती त्यांचा श्वास चालू आहे ना ते ऐकत होती. इस्पितळात डॉक्टरबाईंनी पान पाहिलं, किती प्यायले विचारलं, सलाईन लावलं. ओकून बरंच बाहेर पडलंय, तरी दोन दिवस इथेच राहू दे, म्हणाल्या. कुंडी आणली नसती तर आम्ही हृदयाच्याच मागे लागलो असतो. यशश्री मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेकडे बघत बसली. आपण पापणी मिटली आणि रेघ वर उसळलीच नाही तर, या धास्तीने तिचे डोळे चुरचुरू लागले. शेजारी मोहना मुसमुसत होती, मी विचारलं होतं गं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. विचारलं होतंस, म्हणत यशश्रीने तिचा हात घट्ट धरला.

शुक्रवारी आजोबा घरी आले. शनिवारी दुपारी आईने चहा केला, नुसत्या आल्याचा. यशश्री आतल्या खोलीतून बाहेर येईना, तेव्हा आजोबांनी हाक मारली. कप त्यांनी तिच्यापुढे धरला होता.

"आई सांगेल," ती म्हणाली.

"नाक बदलायचं वय नाही माझं. घे."

तिने कप घेतला. वास घेतला, पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. चहा निवत चालला.

"आलं. दूध. चहाची पावडर."

"आणखी?"

तिने चौथ्यांदा कप नाकाशी नेला.

"आणखी काही नाही."

आजोबांनी चहा बशीत ओतला, आणि क्षणभर थांबून डोळे मिटले.