कोऱ्या कागदावरची सही

विषय: राजीनामा

"तुमचा राजीनामा आहे ना आमच्याकडे!" साहेबांनी कागद पुढे सरकवला.

चष्म्याच्या काचांच्या त्या कारखान्यात ती तपासनीस. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला घार म्हणत. बाळंतपणाची रजा संपवून आज ती परतली, तर तिच्या दिव्याखाली पॅकिंगमधली मुलगी बसलेली. पहिला दिवस म्हणून बाळाला घेऊन सासूबाईही सोबत आल्या होत्या.

कारण: घरगुती

रजेवर जाणाऱ्या प्रत्येकीकडून कोऱ्या कागदावर सही घ्यायची, ही इथली जुनी रीत. "नुसती पद्धत आहे हो!" मजकूर मागाहून साहेब टाइप करत. घारीनंही सही केली होती. बाळ पोटात लाथा मारत असताना कोण भांडत बसणार?

दिनांक:

सवयीनं तिनं कागद उजेडात धरला. मग लाल पेन्सिल काढून तारखेभोवती गोल केला.

"साहेब, हा माल नापास."

"म्हणजे?"

"'स्वतः कार्यालयात येऊन दिला' असं लिहिलंय. त्या दिवशी मी प्रसूतिगृहात होते. हा त्याच दिवशी जन्मला!" रजेच्या कागदांना जोडायला आणलेला बाळाचा जन्मदाखला तिनं शेजारी ठेवला.

साहेब वरमले. "तारीख चुकली असेल. पण सहा महिने खुर्ची रिकामी ठेवून कारखाना चालवायचा कसा, तुम्हीच सांगा!"

बाळाला थोपटत सासूबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमचा पाय मोडला. चार महिने घरी होतात. तुमची खुर्ची कुणी उचलली?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळीच! तुम्ही जिन्यावरून पडलात, हिनं माणूस जन्माला घातलं. रजेवरच्या बाईला कामावरून काढता येत नाही. कायदा आहे तो, कुणाची मेहेरबानी नाही. माझ्या बाळंतपणात मलाही कामावरून असंच काढलं होतं, तेव्हा मी गप्प राहिले. आता नाही!"

साहेबांचा हात नकळत गुडघ्याकडे गेला. तेव्हा त्यांच्या टेबलावरची धूळसुद्धा रोज कुणीतरी पुसत होतं.

मग त्यांनी खण उघडला. आत अकरा कोरे कागद, अकरा सह्या: रजेवरून परतलेल्या, रजेवर जाणार असलेल्या अकराजणींच्या.

सही:

"बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले. "चूक माझी आहे. जिचा तिनं आपल्या हातानं फाडावा."

टराटरा! अकरा वेळा! बारावा घारीनं फाडला. त्या आवाजानं बाळ दचकलं आणि चक्क हसलं.

घार आपल्या दिव्यापाशी आली, तशी पॅकिंगमधली मुलगी उठली. "ताई, बसा. माझे तर डोळेच दुखायला लागले होते या कामानं!"

टीप:

मूल घरात जन्मतं, पण वाढतं आपल्या सगळ्यांच्या जगात. त्याच्या आईची जागा राखणं हे उपकार नव्हेत, तो तिचा हक्क आहे. तेव्हा बायांनो, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि साहेबहो, ती मागूही नका!

घारीनं दिवा लावला. पहिली काच उचलली.

पास.