सोमणांचे गरे

"महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल!" असं चिंतामणी सोमणांनी जाहीर केलं. त्या वेळी ते मागच्या पडवीत बनियनवर उभे होते आणि फोडलेला अर्धा फणस त्यांच्या दोन्ही हातांना चिकटला होता. फणस उंचावून भाषणाला सुरुवात करायची, अशी योजना होती. फणस खाली ठेवायची योजना नव्हती.

"आधी हाताला तेल लावायचं असतं," उमाकाकू विळीवरून न उठता म्हणाल्या. "गोदा, सोडव गो त्यांना."

गोदाने खोबरेल आणलं. इतिहासाला तेवढा वेळ थांबावं लागलं.

ही गोष्ट दोन हजार आठच्या मे महिन्यातली. चिंतामणींच्या पत्नी उमाकाकू फणसाचे गरे तळून विकत. पालीहून येणारी गोदा फणस फोडी, साफ करी. चिंतामणी निवृत्त झाल्यापासून मालक होते. पिशवीवर 'चिंतामणी सोमण आणि कंपनी' असं छापलेलं होतं. कंपनी म्हणजे उमाकाकू.

अशात मुंबईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, ऋजुताने, गऱ्यांनी भरलेला स्टीलचा डबा परस्पर एका टीव्ही वाहिनीत नेऊन दिला. 'कोण देतो भांडवल?' असा तिथे कार्यक्रम होता. बडे लोक गुबगुबीत खुर्च्यांत बसतात, लहान धंदेवाला समोर उभा राहून आपलं सांगतो. पटलं तर ते हिस्सा घेतात आणि पैसा घालतात. गरे त्यांना आवडले. आज दुपारी चहाच्या सुमाराला वाहिनीतल्या भार्गवी मॅडम फोन करणार होत्या. येणार का, आणि आलात तर मंचावर उभं कोण राहणार, तेवढं एकच नाव हवं होतं. नाही म्हटलं, तर जागा मंडणगडच्या कोणा काजूवाल्याला.

"नाव काय द्यायचं त्यात?" चिंतामणी म्हणाले. "पिशवीवर आहे की."

उमाकाकूंची विळी थांबली.

"तुम्ही तिथे जाऊन अर्धा धंदा कोणाला तरी देऊन याल," त्या म्हणाल्या, "आणि मी इथे कढईपुढे नोकरीला राहीन. कोणाच्या, तेही मला टीव्हीवरच कळेल."

सुट्टीवर आलेली ऋजुता आईकडे पाहत राहिली. आई चिडली की बोलते, हे तिला ठाऊक होतं. इतक्या हळू बोलते, हे नवीन होतं.

"बाबा, आपण तालीम करू," ती घाईने म्हणाली. "मी खुर्चीतली. सोमणसाहेब, तळणारी व्यक्ती आजारी पडली तर?"

"मी तळीन," चिंतामणी म्हणाले. भाषणाच्या ओघात माणूस काय वाटेल ते तळतो.

"तळा," उमाकाकू उठल्या. चुलीवर कढई चढलेलीच होती; त्यांनी झारा चिंतामणींच्या हातात दिला. "साधले, तर नाव तुमचं. मी तोंडातून ब्र काढणार नाही. बिघडले, तर फोन मी घेणार, आणि हो की नाही ते माझं मी ठरवीन."

चिंतामणींनी झारा आधी उलटा धरला, मग सुलटा.

"काकानू, त्याल तापलंय," गोदा म्हणाली. "आता इच्चार नका करू."

गरे तेलात पडले आणि मोठा आवाज उठला. चिंतामणी दोन पावलं मागे आले, मग कोणी पाहत नाही असं समजून एक पाऊल पुढे गेले. सगळे पाहत होते. गऱ्यांची खरी परीक्षा शेवटी असते. ते कडक होत आले की उकळत्या तेलात चमचाभर मिठाचं पाणी घालायचं. तेल खवळतं, वर चढतं, मग हळूहळू निवतं. आवाज बसला की लगेच उपसायचे. लवकर काढले तर मऊ, उशीर झाला तर कोळसा.

"आता?" चिंतामणींनी विचारलं.

उमाकाकू भिंतीकडे पाहत होत्या.

"गोदे, आता?"

"मी कंपनीत नाय, काकानू."

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी डाव्या हातात मिठाच्या पाण्याची वाटी उचलली. एवढ्यात माजघरात फोन खणखणला. चिंतामणी दचकले आणि अख्खी वाटी कढईत उपडी झाली.

तेल फुत्कारत काठापर्यंत आलं. ऋजुता किंचाळली. उमाकाकूंनी एका हाताने नवऱ्याला मागे खेचलं, दुसऱ्या हाताने चुलीतलं जळतं लाकूड ओढून काढलं. फेस काठावर थबकला, एक ओघळ बाहेर पडून निखाऱ्यावर चर्र वाजला, आणि मग तेल इंच इंच खाली बसलं.

"भाजलं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

गरे मात्र कढईतच राहिले होते. उपसायचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं. ते काळे पडत गेले. फोन वाजत होता.

चिंतामणी माजघरात गेले. आत गेले म्हणजे फोन तेच घेणार, हे उघड होतं. उमाकाकू जागच्या हलल्या नाहीत. ठरलेलं ठरलेलंच असतं, पण ते पाळतं कोण, हे फोनपाशी कळतं.

"चिंतामणी सोमण बोलतोय," आतून आवाज आला. "हो मॅडम. हो, ठरलं... नाव ना?"

ऋजुताने गोदाचा दंड धरला.

"मालक पडवीत आहेत," चिंतामणी म्हणाले. "बोलावतो."

ते दारात येऊन उभे राहिले. उमाकाकूंनी पदराला हात पुसले, मग तेलकट राहिले म्हणून पुन्हा पुसले. त्या जवळून जाताना चिंतामणींनी अंग चोरून वाट दिली.

"हॅलो. उमा सोमण. हो, तळते मीच... येते. एकटी उभी राहीन. हिस्सा किती द्यायचा, ते मी तिथे माणसं बघून ठरवीन. आधी नाही सांगणार."

चिंतामणींनी ऋजुताकडे पाहिलं. असं वाक्य त्यांच्या भाषणात कुठेच नव्हतं.

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "अट? आहे एक," उमाकाकू करड्या आवाजात म्हणाल्या. दारात तिघं कान देऊन उभी.

"गरे आले होते तो डबा तुमच्याकडेच आहे ना? माझ्या माहेरचं नाव घातलेला आहे. तेवढा धुऊन ठेवा हं. झाकणासकट."