पाचव्या पानावरची गाठ

"सर, ही गाठ नाय," नामा म्हणाला. "वढली का सुटते."

डॉ. नंदकुमार प्रधानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. १९९३ सालचा मार्च होता. वाशीच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वार्तापत्राच्या पहिल्या अंकाची आठ पानं पसरली होती. गाठींच्या गणितावर काम करणारी माणसं देशात तेव्हा शंभरसुद्धा नसतील, तीही विखुरलेली. त्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून हा खटाटोप. प्रधान संपादक, मी सहसंपादक. प्रधानांच्या पेन्सिलच्या चित्रांवरून शाईच्या आकृत्या काढायला दिवाळे गावचा नामा कोळी. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात तो ट्रेसर होता, यंत्रांचे नकाशे शाईनं गिरवायचा. पहिली पाळी संपवून आमच्याकडे यायचा. पहिल्या पानावर तळाशी 'रेखाटन : नामा कोळी' असं छापायचं, एवढीच बोली झाली होती, तीही माझ्या आग्रहानं.

गणितातली गाठ म्हणजे टोकं जोडलेली दोरी. कागदावर काढताना कुठला पदर वरून जातो आणि कुठला खालून, यावरच सगळं अवलंबून. खालचा पदर दाखवायला रेघ तिथे तोडायची. एक तोड चुकली तर कधी कधी गाठच उरत नाही.

नामानं खिशातून सुतळी काढली. आकृतीत बघून पदर वरखाली घेतले, टोकं बांधली आणि सैल करून हलवली. हातात नुसतं कडं राहिलं.

"आमचे जाल्यान अशी गाठ मारली त मासली पन हसंल."

मला हसू आलं. प्रधान हसले नाहीत. "नामा, तू रेघा ओढ. गणिताचं टेन्शन आम्ही घेतो. वीस वर्षं तेच करतोय."

"सर, एकदा बघून तरी घ्या," मी म्हटलं.

"शालनताई, परवा प्रकाशन आहे. पाहुणे येतायत. आता काय जाळी विणत बसायची?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची चीड मला अजून येते.

प्रकाशन झालं. हार, फोटो, पेढे. आणि तीन आठवड्यांत चार पत्रं आली, चार गावांहून, मजकूर एकच : पाचव्या पानावरची गाठ ही गाठच नाही.

दुसऱ्या अंकाचा मजकूर टाइप करायला माझ्याकडे आला. त्यात प्रधानांच्या अक्षरात एक ओळ होती : 'रेखाटनकाराच्या नजरचुकीमुळे पाचव्या पानावरील आकृती सदोष छापली गेली.'

मी फाइलमधून त्यांचं मूळ पेन्सिलचं चित्र काढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं. "चूक ह्यात आहे. तुमच्या हातची. नामानं तर आधीच सांगितलं होतं!"

"अहो, संपादकच चुकला म्हटल्यावर पुढचा अंक कोण उघडेल? त्याला काय फरक पडतो? कोण ओळखतं त्याला?"

"नाव छापलंय आपण त्याचं!"

"ती तुमची हौस. आता भोगा."

"मग माझं नाव काढा."

त्यांनी पेन उचललं आणि सहसंपादकाच्या ओळीवर काट मारली. एक क्षणही लागला नाही.

दुपारी नामा आला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी ती ओळ त्याला वाचून दाखवली. त्यानं कागद मागून घेतला आणि स्वतःही वाचला. मग खुर्चीत बसून अंकाची राहिलेली शेवटची आकृती काढायला घेतली.

"नामा, कशाला काढतोस आता?"

"अर्दं काम सोरायचं नाय, बाई."

तासाभरात त्यानं ती पुरी केली. प्रधान आत आले तेव्हा आकृती वाळत होती. नामा उठून उभा राहिला.

"सर, रेगा माज्या व्हत्या. गाठ तुमची व्हती."

प्रधानांनी आकृतीवरून नजर वर केली नाही. "चहा सांगतो, नामा. बस."

"नको."

कोपऱ्यातल्या बेसिनवर त्यानं आपलं शाईचं पेन उघडलं आणि नळाखाली धरलं. काळं पाणी गेलं, मग करडं, मग स्वच्छ. निब रुमालानं टिपून त्यानं ती तळहातावर ओढून पाहिली. रेघ उमटली नाही. पेन खिशाला लावून, माझ्याकडे बघून मान हलवून तो जिना उतरला.